बंद वाट्यांतला तंबोरा

गेल्या काही वर्षांत गाणे ऐकण्याच्या साधनांविषयी एक स्वतंत्र समीक्षावाङ्मयच उभे राहिले आहे. लाख-दोन लाख रुपये किमतीच्या हेडफोनची परीक्षणे वाचताना मला पुष्कळदा आपल्याकडच्या जुन्या काव्यपरीक्षणांची आठवण होते. 'प्रासादिक', 'ओघवती', 'भावमधुर' ही विशेषणे कोणत्याही कवितेला लावता येत, आणि म्हणूनच ती एकाही कवितेविषयी काही सांगत नसत. येथेही तसेच. 'मखमली' खालचा स्वर, 'हवेशीर' वरचा स्वर, 'पारदर्शक' मध्य, आणि सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'तपशील': गवयाचा श्वास ऐकू आला, व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरली तीही ऐकू आली. हे लिहिणारे अप्रामाणिक असतात असे मी म्हणत नाही. त्यांनी ते ऐकलेलेच असते. पण कोणते गाणे ऐकताना, किती मोठ्याने ऐकताना, आणि त्या तपशिलाने गाण्याच्या आकृतीचे काय झाले, हे प्रश्न ते विचारत नाहीत. कवितेत सुटे शब्द चमकले म्हणजे कविता चांगली झाली असे मानणाऱ्या वाचकासारखी त्यांची गत होते.

मला या लेखात बंद वाट्यांच्या हेडफोनविषयी लिहायचे आहे. म्हणजे ज्यांची पाठ बंद असते आणि जे कान पूर्ण झाकतात, त्यांच्याविषयी. यांतली भारी यंत्रे विकत घेणारे पुष्कळ आहेत. त्यांतून चांगला आवाज काढून घेणारे त्या मानाने थोडे. याचे कारण, माझ्या मते, असे की हे यंत्र कशासाठी आहे याविषयीचीच आपली समजूत चुकलेली आहे. तपशील मोठा करून दाखवणे हे त्याचे खरे काम नव्हे. शांतता पुरवणे हे त्याचे काम आहे.

कानाला लावून ऐकण्याची ही सोय मुळात गाण्यासाठी निघालीच नव्हती. अमेरिकेतल्या युटाचा नॅथॅनियल बॉल्डविन याने १९१० साली आपली श्रवणयंत्रे अमेरिकन नौदलाकडे पाठवली, ती बिनतारी संदेश ऐकणाऱ्या माणसांसाठी. बर्लिनच्या बायर कंपनीचे डीटी ४८ हे १९३७ चे. घरी बसून गाणे ऐकण्यासाठी म्हणून दोन कानांत दोन वेगळे ध्वनिप्रवाह देणारा हेडफोन जॉन कॉस याने मिलवॉकी येथे १९५८ साली पुढे आणला. १९६८ मध्ये झेनहायझरचा एचडी ४१४ आला. त्याची पाठ उघडी होती, आणि तेव्हापासून या यंत्रांची दोन कुळे पडली ती आजवर तशीच आहेत. उघड्या पाठीचे हेडफोन अधिक मोकळे वाजतात हे निर्विवाद आहे. मग बंद पाठीच्या वाटेला जायचे तरी कशाला? ज्याच्या घरासमोर बसथांबा आहे, वरच्या मजल्यावर फरशी कापण्याचे काम चालू आहे आणि शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपले आहे, त्याने हा प्रश्न विचारू नये.

बंद वाटीची अडचण समजायला सोपी आणि सोडवायला अवघड आहे. आतला पडदा थरथरतो तेव्हा तो पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. उघड्या हेडफोनमध्ये मागचा आवाज निघून जातो. बंद हेडफोनमध्ये त्याला जायला जागा नाही. तो वाटीच्या भिंतीवर आपटून परत फिरतो आणि पातळ पडद्यातून पुन्हा कानाकडे येतो. घागरीत तोंड घालून बोलले म्हणजे आवाजाला जो घुमटपणा येतो तो हाच. चांगल्या कारागिरांची सारी बुद्धी या परतणाऱ्या आवाजाची विल्हेवाट लावण्यात खर्च झालेली आहे. सोनीने १९८९ साली काढलेल्या एमडीआर-आर१० च्या वाट्या झेल्कोवा जातीच्या लाकडातून कोरलेल्या होत्या. आजही जुन्या बाजारात तो दागिन्यासारखा विकला जातो. फॉस्टेक्सने आपल्या टीएच९०० च्या लाकडी वाट्यांवर जपानी उरुशी लाखेचे थर चढवले. झेनहायझरने २०१८ च्या एचडी ८२० मध्ये पडद्यामागे चक्क वक्र काच बसवली, म्हणजे मागचा आवाज परावर्तित होऊन कडेच्या शोषक कप्प्यांत जावा. डॅन क्लार्कच्या २०२१ च्या स्टेल्थमध्ये पडदा आणि कान यांच्या मध्येच बारीक छिद्रांची आणि पोकळ्यांची एक जाळी आहे. विशिष्ट लहरी तिच्यात अडकून विरतात. उपाय निरनिराळे, दुखणे एकच.

आणि या दुखण्याची खरी परीक्षा पाश्चात्त्य परीक्षक ज्या संगीतावर घेतात त्यावर होतच नाही, असे मला वाटू लागले आहे. सिंफनीत स्वरसंहती क्षणाक्षणाला बदलते. वाटीत एखाद्या ठिकाणी, समजा दोनशे हर्ट्झच्या आसपास, उंचवटा असेल तर एखादा स्वर तेथून जाताना जरासा फुगतो आणि पुढच्या क्षणी संगीत दुसरीकडे गेलेले असते. कानाच्या ते ध्यानातही येत नाही. आपल्याकडे तंबोरा आहे. तो तासभर एकाच जागी वाजत राहतो. गवयाने काळी एक पट्टी धरली असेल तर तंबोऱ्याचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झवर असतो आणि त्याचा दुसरा अंश २०८ वर. तो नेमका त्या उंचवट्यावर बसला तर ख्यालाच्या आरंभापासून तराण्याच्या शेवटपर्यंत पंचम कानात टोचत राहतो. जोडीच्या तारा मागे पडतात आणि तंबोऱ्याचे वर्तुळ एका बाजूला लंबगोल होते. पट्टी बदलली, काळी दोन लागली, की तोच अंश २३३ वर सरकतो आणि तेच यंत्र एकाएकी गोड वाटू लागते. 'हा हेडफोन अमुक गायिकेला फार छान लागतो, पण तमुक बुवांचे गाणे त्यावर दबते' असे जाणकार म्हणतात तेव्हा ते पुष्कळदा गायकीविषयी बोलत नसून अजाणता पट्टीविषयी बोलत असतात. बंद वाट्यांत दीडशे ते तीनशे हर्ट्झच्या पट्ट्यात असे खाचखळगे वारंवार आढळतात, आणि आमचे सगळे स्वरसंभाराचे जोते नेमके तेथेच घातलेले असते! तेव्हा ज्याला आपले गाणे ऐकायचे आहे त्याने हेडफोन निवडताना आधी नुसता तंबोरा ऐकावा. पाच मिनिटे, वेगवेगळ्या पट्ट्यांत. एखादी तार इतरांपेक्षा सतत पुढे येत असेल तर वाटी बोलते आहे, तार नव्हे.

हे शहाणपण मला उशिरा आणि एका अवघड प्रसंगातून आले, तो सांगणे भाग आहे.

माझ्या परिचयाचे एक बुवा आहेत. वय सत्तरीला आलेले. मैफली आता करीत नाहीत, शिकवतात. त्यांच्या गुरुजींच्या १९७८ च्या कोजागिरीच्या एका घरगुती बैठकीची ध्वनिफीत कोणाच्या तरी माळ्यावरून निघाली आणि तिची प्रत माझ्यापर्यंत आली. एकाच मायक्रोफोनवर घेतलेली, कडेला फुसफुस, मधूनच कपबशांचा आवाज. पण गाणे अस्सल होते. बिहागचा विलंबित ख्याल. गुरुजींच्या मागे दोन तंबोरे होते आणि त्यांपैकी एक, मिरजेचा, तेव्हा विशी-बाविशीत असलेल्या या बुवांच्या मांडीवर होता. मी नुकताच एक बऱ्यापैकी महाग बंद हेडफोन घेतला होता. कोणाला तरी तो ऐकवावा अशी नव्या खरेदीची खाज होतीच. बुवांना बोलावले, खुर्चीत बसवले, वाट्या कानांवर चढवल्या आणि आवाज जरा मोठाच ठेवला.

दहा मिनिटे ते डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी वाट्या काढून मांडीवर ठेवल्या.

"माझा पंचम उतरलाय हो."

मी म्हटले, "बुवा, फीत जुनी आहे. वेग कमीजास्त झाला असेल."

"वेग चुकला तर सगळंच चढेल नाहीतर उतरेल. षड्ज जागेवर आहे. पंचम एकटा कसा उतरेल?" ते जरा थांबले. "इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नाही."

त्यांनी चहाही घेतला नाही. मी मात्र त्या रात्री पुष्कळ वेळ ती फीत ऐकत बसलो. त्यांचे म्हणणे खरे होते. पंचम किंचित, अगदी किंचित उतरलेला होता. पण मला छळणारा प्रश्न निराळाच होता. त्या बैठकीला चाळीसएक माणसे होती, त्यांत तयार कानांचे लोक होते, खुद्द गुरुजी तंबोऱ्यापासून हातभर अंतरावर होते. त्या कोजागिरीला ज्याने कोणाचा रसभंग झाला नाही तो पंचम माझ्या खोलीत एका सत्तर वर्षांच्या माणसाला घायाळ करतो, तेव्हा यंत्राने सत्य सांगितले की चहाडी केली?

याचे उत्तर शोधताना मी या यंत्राकडे प्रथमच नीट पाहिले, असे म्हणायला हरकत नाही. तोवर मी फक्त ते विकत घेतले होते.

पहिली गोष्ट सापडली ती चष्म्याची. बुवा चष्मा लावतात, मीही लावतो. बंद हेडफोनचा खालचा स्वर हा गादी आणि डोके यांच्यामधल्या बंदिस्त हवेवर उभा असतो. त्या हवेला फट मिळाली की खालचा स्वर गळून जातो. आणि कानशिलावरची चष्म्याची जाड काडी एवढी फट सहज पाडते. कानामागे येणारे दाट केस, अंबाडा, मोठ्या कुड्या, कानातले वेल, सगळे तेच करतात. गंमत अशी, की हे होताना आवाज कमी झाला असे वाटत नाही, आवाज कर्कश झाला असे वाटते. डग्ग्याचा घुमारा जातो, खरजाचा पाया जातो, आणि त्यांच्या अभावी वरचे सारे स्वर उघडे पडतात. पुष्कळ जणांनी 'तीक्ष्ण' म्हणून परत केलेली यंत्रे निव्वळ गळत असतात. याची परीक्षा सोपी आहे: डग्गा चालू असताना दोन्ही वाट्या तळव्यांनी हलकेच दाबाव्यात. घुमारा वाढला तर फट आहे. चष्मा काढावा, ते जमत नसेल तर बारीक तारेच्या काडीचा वेगळा चष्मा ऐकण्यासाठी ठेवावा, किंवा काडी गादीच्या वरून जाईल इतकी उचलून घ्यावी. वरचा पट्टा एकदोन घरे कमीजास्त करून वाटीचा भार चारी बाजूंनी सारखा पडतो का ते पाहावे. वाटी अर्धा-पाऊण सेंटीमीटर पुढेमागे सरकवली तरी वरच्या स्वरांचा रंग बदलतो. लाखाच्या यंत्रात जो फरक आपण लाखभर आणखी ओतून शोधतो तो कितीदा तरी या दोन बोटांच्या हालचालीत असतो.

गाद्यांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आपल्या हवेत हा भाग सर्वांआधी मरतो. पुष्कळ हेडफोनांच्या गाद्यांवर कातडे नसते; कातड्यासारखा दिसणारा एक लेप असतो, ज्याला आपण रेक्झिन म्हणून मोकळे होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामात तो हळूहळू सुटतो, आणि एके दिवशी गालावर काळे पापुद्रे लागतात. त्याच्याही आधी आतला स्पंज बसलेला असतो. स्पंज बसला की पडदा कानाच्या जवळ येतो, आतल्या हवेचे आकारमान घटते आणि यंत्राचा स्वभाव बदलतो. पण हे इतक्या सावकाश घडते की मालकाला कळत नाही. तो म्हणतो, पूर्वी हा फार छान वाजायचा, आता माझे कानच गेले बहुधा. कान जातातही, वय वाढते तसे वरचे स्वर आधी जातात, हे मला माहीत आहे. परंतु आधी गाद्या पाहाव्यात. ऐकून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पावसाळ्यात ओलसर हात लागलेले यंत्र लगेच पेटीत कोंडू नये, आणि दोन-तीन वर्षांनी मूळ कंपनीच्याच नव्या गाद्या बसवाव्यात. कोणत्याही सुंदर दिसणाऱ्या दुसऱ्या गाद्या बसवणे म्हणजे तंबोऱ्याची घोडी बदलण्यासारखे आहे. कापडी मखमलीची गादी उन्हाळ्यात सुखाची वाटते खरी, पण तिच्यातून हवा झिरपते. कातडी गादीसाठी बेतलेल्या यंत्राला ती लावली तर खालचा स्वर गेलाच म्हणून समजा. नवे यंत्र शेदोनशे तास वाजवल्यावर 'मुरते' अशीही एक श्रद्धा आहे. मुरते ती गादी, आणि मुरतो आपला कान.

ॲम्प्लिफायर आणि तारा यांच्यावर या व्यवसायात जेवढी शाई खर्च होते तेवढी मी करणार नाही. यंत्राला हवा तेवढा जोर मिळाला पाहिजे, आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत अडथळा हेडफोनच्या अडथळ्याच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, हा नियम पाळला की पुरे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा निरनिराळ्या रूपांत मिळतो. २५० ओहमचा घेऊन तो मोबाइलला जोडायचा आणि आवाज दबका आहे म्हणायचे, यात दोष कोणाचा? चांदीच्या तारांच्या वेण्यांविषयी मी बोलू इच्छित नाही. त्या दिसतात सुरेख.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र तात्त्विक आहे. इक्वलायझर लावून यंत्राचा आवाज सुधारणे हे या छंदातल्या सोवळ्या मंडळींना पाप वाटते. कारागिराने जे दिले त्यात ढवळाढवळ करू नये, असे त्यांचे म्हणणे. पण कारागिराने जे दिले ते प्रमाण मानावे असे त्याच्या किमतीखेरीज दुसरे कारण काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात २८३ हेडफोनांची मोजणी करून असे आढळले की त्यांचा स्वरप्रतिसाद आणि बाजारभाव यांत काही संबंध नाही. आणि हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून केलेल्या आंधळ्या चाचण्यांतून दिसले, की बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडणारा आवाज एका ओळखीच्या आवाजाच्या जवळ जातो: चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या. माणसाचा कान डोक्यावर वाट्या चढवूनही खोलीच शोधत असतो, ही गोष्ट मला कोणत्याही परीक्षणातल्या दहा विशेषणांहून बोलकी वाटते.

आपले गवई हे पाप रोज करतात. तारेखालचा दोरा केसभर सरकवून ते तंबोऱ्याचा झणत्कार उघडतात किंवा मिटवतात. कारागिराने लावलेली जवारी पवित्र म्हणून कोणी तशीच ठेवत नाही. मीही तसेच केले. तंबोरा चालू ठेवून दीडशे ते तीनशेच्या पट्ट्यात एकेक ठिकाण उचलून पाहिले, तेव्हा २१० च्या आसपास माझ्या यंत्राचा उंचवटा सापडला. तेथे तीन-साडेतीन डेसिबल उतरवले. वरच्या टोकाला जी चमक 'तपशील' म्हणून विकली जाते तीही दोन डेसिबल कमी केली. उंचवटे उतरवावेत, खड्डे भरायला जाऊ नये. खड्डा पुष्कळदा एकमेकांना मारणाऱ्या लहरींचा असतो आणि त्यात कितीही ओतले तरी तो भरत नाही. कोठे काही वाढवलेच तर एकूण पातळी तितकी खाली आणावी, नाहीतर मोठ्या स्वराला आवाज फाटतो. एवढे झाल्यावर पुन्हा बिहाग लावला. पंचम उतरलेलाच होता. तो कोणता इक्वलायझर चढवणार? पण तो आता मागे, दुसऱ्या तंबोऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. वाटीच्या खोटेपणाने तारेचे खरे चारचौघांत ओरडून सांगितले होते. खरे ते खरेच; पण त्या रात्री ते जितक्या आवाजात बोलले गेले असेल तितक्याच आवाजात ते आता बोलत होते.

पातळीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि येथेच बंद हेडफोनचे सगळे माहात्म्य आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले की मंद आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात, आणि म्हणून दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठे वाजते ते आपल्याला हमखास चांगले वाटते. दुकानात होणाऱ्या निम्म्या तुलना या एकाच कारणाने व्यर्थ असतात. त्यातून सवय अशी लागते की चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. उघड्या हेडफोनवर रस्त्याच्या आवाजाशी झुंजत ऐकणारा माणूस ही मर्यादा नकळत ओलांडतो. बंद वाटी ती झुंजच मिटवते. कुकरची शिट्टी, भोंगे, दारावरची बोलणी ती चांगली अडवते. बसच्या इंजिनाची आणि पंख्याची खालची घरघर कमी अडवते, तेवढा पंखा बंद करावा. मग आवाज हळूहळू खाली आणत न्यावा. समोर बसलेला गवई जितक्या जोराने गाईल त्याहून थोडा कमीच. खालचा स्वर एकदोन डेसिबलने भरून घ्यावा, की फ्लेचर-मन्सनचे देणे फिटले. पहिली पाच मिनिटे काहीतरी हरवल्यासारखे वाटेल. मग कान आपण होऊन पुढे सरकतो, बैठकीत पुढच्या रांगेतला श्रोता गुडघ्यांवर सरकतो तसा. ज्याला हे जमले त्याला या यंत्रातून मिळण्यासारखे बहुतेक सगळे मिळाले.

बहुतेक म्हणतो, कारण एक उणीव शिल्लक राहते. हेडफोनमध्ये गवई समोर नसतो, टाळूखाली असतो. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिराने आणि मंद होऊन पोहोचतो. वाट्यांत ती देवघेव बंद पडते. आजकालच्या ध्वनिमुद्रणांत एक तंबोरा पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे टाकण्याची हौस असते. स्पीकरवर ती शोभते, पण वाट्यांत दोन्ही कानांत दोन वेगळ्या मैफली भरतात. बेंजामिन बावर याने १९६१ मध्येच यावर उपाय मांडला होता: एका बाजूचा आवाज थोडा मंद करून, किंचित उशिराने दुसऱ्या बाजूत मिसळायचा. आज ते साध्या संगणकावर होते आणि अशा मुद्रणांना जरूर लावावे. जुन्या तबकड्यांना त्याची गरज नाही, कारण त्या एककंठीच आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या ऐकताना एक मात्र करावे. बाजारातल्या पुष्कळ प्रतींत डाव्या-उजव्या प्रवाहांत निरनिराळी खरखर असते. दोन्ही प्रवाह एकत्र करून एकच करावा. आवाज तेवढाच राहतो, खरखर कमी होते, आणि डोक्यात इकडेतिकडे उडणारे तिचे किडे एका जागी बसतात. मग तीन मिनिटांपुरती का होईना, ती हाक सरळ येते. तपशिलाच्या हिशेबाने त्या तबकडीत आहेच काय? पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ अंधार. आणि तरी ज्या यंत्रावर तो षड्ज उभा राहत नाही त्या यंत्राला मी चांगले म्हणणार नाही, मग त्यावर श्वास ऐकू येवोत की खुर्च्या.

पंधरा-वीस दिवसांनी बुवा आपण होऊन आले. मी बोलावले नव्हते. बोलावण्याचे धाडसच झाले नसते.

"ती फीत आहे ना अजून?" त्यांनी विचारले.

मी त्यांना चष्मा काढायला लावला. वाट्या नीट बसवल्या, दाबून पाहिल्या, पंखा बंद केला. आवाज इतका खाली ठेवला की बुवांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. ते ऐकू लागले. या वेळी दहा मिनिटे झाली, वीस झाली. अंतऱ्याच्या आधी गुरुजी मध्य षड्जावर येतात आणि तेथे जवळजवळ आवर्तनभर राहतात. मी ती जागा शंभरदा ऐकली होती आणि तिला विश्रांतीची जागा समजत होतो. बुवांनी हाताने थांबवायची खूण केली. मी फीत मागे घेतली. ती जागा पुन्हा झाली. तिसऱ्यांदा झाली.

"पंचम उतरलेला त्यांना कळला होता," बुवा म्हणाले. "ते थांबलेत ते माझ्यासाठी. जुळवून घे म्हणून. बैठकीत शिष्याकडे वळून बघायचं नाही, असा त्यांचा रिवाज. मला वाटलं, गुरुजी षड्ज रंगवताहेत. मी आपला छेडत राहिलो."

नंतर आम्ही तीच जागा माझ्या स्पीकरवर ऐकून पाहिली. पंखा बंदच होता. पंचमाचे उतरणे तेथेही लक्षपूर्वक ऐकल्यावर कळत होते. पण षड्ज लांबताना गुरुजींचा आवाज शेवटच्या दोन मात्रांत अगदी थोडा तंबोऱ्याकडे कलतो, म्हणजे मायक्रोफोनपासून दूर जातो आणि परत येतो, ते मात्र खालून भाजीवाल्याची हाक आली तिच्यात गेले. बुवांनी पुन्हा वाट्या मागितल्या.